खेचर, मानमोडी आणि पाहुणे पक्षी

औंढा नागनाथच्या देवळात नामदेवांना गुरू भेटले, ही कथा मराठीच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले विसोबा, त्यांचे पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे उगवणारी पिंड, आणि पुढे नामदेवांच्या कीर्तनासाठी तोंड फिरवून बसलेले देऊळ, हा सारा तपशील परिचयाचा आहे. त्या मानाने गुरूच्या नावाकडे कमी लक्ष जाते. विसोबा खेचर. चालू मराठीत खेचर म्हणजे घोडा-गाढवाच्या संकरातून जन्मलेले, ओझे वाहणारे जनावर. संस्कृतात मात्र 'ख' म्हणजे आकाश आणि खेचर म्हणजे आकाशात संचार करणारा : ग्रह, गंधर्व, सिद्ध आणि पक्षीसुद्धा. विसोबांच्या नावाचा संबंध योगमार्गातील खेचरी मुद्रेशी जोडणारे अर्थातच दुसऱ्या अर्थाच्या बाजूचे. त्या वादात आम्हांला शिरायचे नाही. आमचा प्रश्न भाषेपेक्षा इतिहासाचा आहे : साथीचा रोग एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातो, तेव्हा तो कोणत्या खेचराच्या पाठीवरून जातो, आकाशातल्या की जमिनीवरच्या? महाराष्ट्रातल्या संशोधकांना, शासनाला आणि शेतकऱ्यांना हा प्रश्न गेल्या सत्तर वर्षांत निदान तीनदा पडला, आणि तिन्ही वेळा पहिले बोट आकाशाकडे उठले.

औंढा तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. नदीच्या वरच्या अंगाला येलदरीचे. दोन्ही १९६०च्या दशकातली. पैठणचा नाथसागर त्यानंतरचा. मराठवाड्याच्या कोरड्या पठारावर माणसाने पाणी अडवले, आणि मध्य आशिया, मंगोलिया, सायबेरिया या भागांतून हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकणाऱ्या बदकांना, चिखलपक्ष्यांना उतरायला नवी जागा मिळाली. वर्तमानपत्रे त्यांना 'पाहुणे पक्षी' म्हणतात. शब्द गोड आहे, पण तो तपासून घ्यावा असा आहे. जो वर्षाचे चार-पाच महिने इथे काढतो, दरवर्षी येतो, आणि ज्याच्यासाठी नकळत का होईना आपणच अंगण शिंपून ठेवले, त्याला पाहुणा म्हणण्यात एक अंतर राखलेले असते. हे अंतर एरवी जाणवत नाही. साथ आली की जाणवते. कारण त्या दिवसापासून 'पाहुणा' हा शब्द मागे पडतो आणि 'परदेशी पक्षी' हा शब्द पुढे येतो.

जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा या गावी आठ-नऊशे कोंबड्या दोनेक दिवसांत मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ विषाणूचा निर्वाळा दिला. त्याच सुमारास मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड येथे मरून पडलेल्या कावळ्यांमध्येही बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. हिमाचलातील पाँग धरणाच्या जलाशयावर पट्टकादंब हंस हजारोंच्या संख्येने मेल्याची बातमी आधीच आलेली होती. म्हणजे हंस, कावळे, कोंबड्या अशी एक रांग डोळ्यांसमोर आपसूक तयार होत होती, आणि रांगेच्या तोंडाशी परदेशातून आलेला होता तो हंस. रांग नीट दिसते म्हणून ती खरी असते असे नाही. पण हा मुद्दा समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

मागे म्हणजे १९१८ पर्यंत. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाला महाराष्ट्रात 'मानमोडी' असे नाव पडले होते. आमच्या आजी-पणजींच्या पिढीत 'मानमोडीचे साल' ही कालगणनेची खूण होती. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे नेली असावीत असे अंदाज आहेत. साथ आली ती महायुद्धाच्या जहाजांतून मुंबईच्या गोदीत. जून १९१८ मध्ये गोदीवरचे पोलीस शिपाई आधी आजारी पडले. तिथून ती रेल्वेच्या डब्यांतून देशभर गेली. त्या वर्षी पक्ष्यांचा संशय कोणालाच आला नाही. येण्याचे कारणही नव्हते, कारण माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणूच १९३३ साली हाती लागला. कोंबड्यांचा 'फाउल प्लेग' हा रोग मात्र इटलीत १८७८ पासून नोंदला गेला होता. तो आणि इन्फ्लुएन्झा एकाच घराण्यातले आहेत हे कळायला १९५५ साल उजाडावे लागले. पुढे २००५ मध्ये १९१८च्या विषाणूची जनुकीय मांडणी पुरी झाली, तेव्हा तिचे पक्ष्यांतील विषाणूंशी साम्य दिसून आले. मूळ पक्ष्यांकडे, प्रवास जहाज आणि आगगाडीचा : ही विभागणी पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

इथे भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. 'मानमोडी' हा शब्द माणसांची साथ ओसरल्यावर नाहीसा झाला नाही. कोंबड्यांच्या राणीखेत रोगात पक्ष्याची मान पिळवटून वाकडी होते. तेव्हा त्या रोगालाही खेड्यापाड्यांत मानमोडी म्हणतात. राणीखेतचा विषाणू इन्फ्लुएन्झाचा नव्हे, तो वेगळ्याच कुळातला. लोकभाषेने मात्र माणसाचे आणि कोंबडीचे मरण एका शब्दात बांधले. हा निव्वळ योगायोग आहे. पण नवापूरला २००६ साली याच शब्दाच्या आडोशाने काही मोलाचे दिवस निघून गेले. ते पुढे येईल.

त्याआधी पुणे आणि मुंबई. १९५२ साली आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन केले. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच. १९५७च्या मार्चमध्ये तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलाभोवती, माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याचे पथक तिथे धावले ते वेगळ्याच भीतीने. माकडे आणि माणसे एकदम मरतात असा प्रसिद्ध रोग म्हणजे पीतज्वर. तो हिंदुस्थानात नव्हता, पण तो पसरवणारा डास मात्र घरोघरी होता. प्रत्यक्षात निघाला तो गोचिडीतून पसरणारा अगदी नवा विषाणू. आणि आश्चर्य असे, की त्याची नातीगोती दूर रशियातल्या, गोचिडीतूनच पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी जुळत होती.

मग सायबेरियाचा नातलग सह्याद्रीत कसा आला? नकाशा समोर ठेवून विचार करणाऱ्याला एकच उत्तर सुचावे : दर हिवाळ्यात उत्तरेकडून लाखो पक्षी इकडे येतात, त्यांच्या पिसांत गोचिडी असतात. केंद्राचे तेव्हाचे संचालक टेलफर्ड वर्क यांच्यासारख्या संशोधकांना ही शक्यता गंभीर वाटली. तिची शहानिशा करायची तर पक्षी पकडायला हवेत, त्यांच्या गोचिडी वेचायला हव्यात, रक्त तपासायला हवे, आणि ते कुठून येतात हे कळण्यासाठी पायात कडी घालून सोडायला हवेत. या कामाची जाण देशात एकाच संस्थेला होती : मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. सोसायटीने १९२०च्या दशकात धार संस्थानात कडी घालण्याचा एक प्रयोग केला होता. कड्यावर इंग्रजीत 'मुंबईच्या सोसायटीस कळवा' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली असत. सलीम अलींची त्यानंतरची इच्छा हीच, की हे काम देशव्यापी व्हावे. अडचण पैशाची होती. कोणता पक्षी कुठून येतो या निव्वळ जिज्ञासेसाठी स्वतंत्र भारतात कोण पैसा देणार?

पैसा भीतीने दिला. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीचा पक्षी-स्थलांतर प्रकल्प उभा राहिला. कच्छच्या रणाकाठी जाळी लागली, पुढे भरतपूरला, पुढे इतरत्र. हजारो पक्षी हातात आले, कडी घालून उडाले. त्यांतली काही कडी मध्य आशियातून, सोव्हिएत मुलखातून परत कळवली गेली. भारतात हिवाळा काढणारे पक्षी कोणत्या वाटेने येतात याविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्याचा पाया या जाळ्यांत आहे. आणि ती जाळी लावली गेली ती पक्ष्यांवरच्या संशयापोटी. विज्ञानाच्या इतिहासात असे विपरीत उपकार अधूनमधून घडतात. पण आपल्याकडील पक्षिविषयक मराठी लेखनात सलीम अलींचे चरित्र सांगताना हा भाग ओझरता येतो, ही आम्हांला उणीव वाटते. चिमणीची गोष्ट सगळे सांगतात. गोचिडीची कोणी सांगत नाही.

आणि निष्कर्ष? ज्या पुराव्यासाठी हा खटाटोप होता, तो मिळाला नाही. उत्तरेतून येणाऱ्या पक्ष्यांनी क्यासनूरचा विषाणू आणला असे दाखवता आले नाही. १९९०च्या दशकात या विषाणूचा सर्वांत जवळचा भाऊबंद सापडला तो सायबेरियात नव्हे, सौदी अरेबियात. मेंढ्या आणि उंट हाताळणाऱ्या माणसांत, जेद्दा आणि मक्केच्या परिसरात. तिकडून इकडे की इकडून तिकडे हा प्रश्न वेगळा. क्यासनूरमध्ये रोगाचा भडका उडण्याची कारणे पायाखालीच होती. जंगल तोडून शेती आत सरकत होती, गुरे जंगलात चरत होती, गुरांच्या अंगावर गोचिडी पोसल्या जात होत्या. पुढे हा रोग 'माकडताप' या नावाने आपल्या दारात आला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याने काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गाठले. त्या वेळी कोणी सायबेरियाचे नाव काढले नाही. काजूची बाग, सरपण, गुरे, मेलेली माकडे, एवढ्या परिघातच सारे होते.

इतिहासाचा खरा पेच याच्या मधल्या काळात आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा आटल्यावर, १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाला आधार मिळाला तो अमेरिकी सैन्याच्या निधीवर चालणाऱ्या एका प्रकल्पाकडून. एलियट मॅकक्लूर यांच्या देखरेखीखाली आशियाभर चाललेल्या या प्रकल्पात दहा लाखांहून अधिक पक्ष्यांना कडी घातली गेली. उद्देश तोच : स्थलांतर करणारे पक्षी आणि त्यांच्यासोबतचे रोगकारक. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना आशियातल्या पक्ष्यांच्या वाटा आणि त्यांच्या रक्तातले विषाणू यांची नोंद एका सैन्याला का हवी, हा प्रश्न कोणाच्याही मनात यावा असाच आहे. १९७४ मध्ये के. एस. जयरामन यांच्या पीटीआयवरील वृत्तांतून तो उघडपणे विचारला गेला. दिल्लीतील डासांच्या जनुकीय नियंत्रणाच्या प्रकल्पाबरोबर मुंबईच्या पक्ष्यांचा प्रकल्पही संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आला. एप्रिल १९७५च्या आपल्या १६७व्या अहवालात समितीने परकीय सहभागाच्या अशा संशोधनांवर कठोर ताशेरे ओढले. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अमलात आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चर्चेची धग समजते.

म्हणजे पहा : १९५९ मध्ये पक्षी आरोपी होता, १९७५ मध्ये पक्ष्याच्या पायात कडे घालणारा आरोपी झाला. आमच्या मते समितीचा प्रश्न रास्त होता आणि तिची शंका मात्र पुराव्यापुढे धावली. परक्या सैन्याच्या पैशातून देशातील जैविक नमुने गोळा होत असतील, तर लोकप्रतिनिधींनी हिशेब मागितलाच पाहिजे. पण पाखरांच्या पंखांवरून शत्रूच्या मुलखात रोग पाठवता येतो, ही कल्पना युद्धशास्त्रापेक्षा पुराणाला जवळची आहे. पक्षी कोणाच्या आज्ञेत नसतो, वाटेत कुठेही उतरतो, आणि खरोखर आजारी असेल तर हिमालय ओलांडत नाही. या वादाने सोसायटीच्या कामावर जो संशयाचा डाग ठेवला, तो पुसायला वेळ लागला. पक्ष्यांचे नमुने परदेशी पाठवणे, परदेशी संस्थांसोबत काम करणे, यांकडे सरकारी कचेऱ्यांतून पुढे अनेक वर्षे वाकड्या नजरेने पाहिले गेले.

आता नवापूर. नंदुरबार जिल्ह्यातील हा आदिवासी तालुका सुरत-नागपूर हमरस्त्यावर आहे. त्याच्या रेल्वे स्थानकाची ख्याती अशी, की फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. १९८०-९०च्या दशकांनंतर इथे कुक्कुटपालनाची मोठी शेडे उभी राहिली. एकेका शेडमध्ये हजारो पक्षी. २००६च्या सुरुवातीला कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा धंद्यातील लोकांनी नाव घेतले राणीखेतचे, म्हणजे ओळखीच्या मानमोडीचे. ते अप्रामाणिकपणानेच घेतले असे म्हणवत नाही. मान टाकून मरणारी कोंबडी पाहिलेल्या माणसाला जो शब्द येतो, तो त्यांना आला. पण ओळखीचा शब्द सापडला की माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही. मेलेल्या कोंबड्या पुरल्या जात राहिल्या, जिवंत विकल्या जात राहिल्या. १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ जाहीर झाला. भारतातील हा पहिला उद्रेक. नंतरच्या दिवसांत लाखोंच्या संख्येने कोंबड्या मारण्यात आल्या, सीमेपलीकडच्या उच्छलमध्येही. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील गावांत, परसातल्या कोंबड्यांत, तो पुन्हा निघाला.

त्या दिवसांतील एक गोष्ट आम्हांला शेडांच्या आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते. ठरावीक त्रिज्येच्या आतले सारे पाळीव पक्षी मारायचे असतात. त्यात मोठ्या शेडांतले येतात, तसे झोपडीमागचे चार-पाचही येतात. आदिवासी घरात परसातली कोंबडी म्हणजे घरच्या बाईच्या हातातला रोख पैसा. औषध, वही, पाहुण्यासाठी एक वेळचे कालवण. भरपाई मिळाली, पण पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बाजारभाव आणि अंगणातल्या कोंबडीचे मोल एकाच तराजूत तोलता येत नाही. माणसांना त्या वेळी लागण झाली नाही. (भारतात एच५एन१ने माणूस दगावल्याची पहिली नोंद २०२१ची, हरियाणातील एका मुलाची.) रोगाने कोंबडी नेली आणि भीतीने बाजार नेला. महाराष्ट्रभर कोंबडी आणि अंडी खाणे लोकांनी टाकले.

आणि तेव्हाही पहिले उत्तर होते : पाहुणे पक्षी. आधार नव्हता असे नाही. २००५च्या उन्हाळ्यात चीनमधील छिंगहाई सरोवरावर सहा हजारांच्या आसपास रानपक्षी एच५एन१ने मेले होते, त्यांत बहुतेक पट्टकादंब हंस. नवापूरचा विषाणू त्या छिंगहाई कुळातलाच होता. हाच हंस हिवाळ्यात भारतात येतो, हिमालयावरून येतो. यापेक्षा जुळणारी कथा कोणती? पण २००६ मध्येच असेही उघड झाले, की छिंगहाई-ल्हासा परिसरात हेच हंस माणसाने शेतावर पाळलेले होते आणि त्यांतले काही रानात सोडलेले होते. म्हणजे ज्याला आपण रानचा पाहुणा म्हणत होतो, तो निदान काही अंशी कोंबडीचाच शेजारी होता. नवापूरच्या आसपास रानपक्षी मरून पडल्याचे मात्र दिसत नव्हते. शेड ते शेड जाणारी होती ती माणसे, पिंजरे, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गोण्या आणि गाड्या. फलाटाच्या मधोमध आखलेली रेघ जशी प्रवाशाला अडवत नाही, तशी ती यांनाही अडवत नव्हती.

इथे थोडे शास्त्र. रानबदकांच्या आतड्यांत इन्फ्लुएन्झाचे अनेक प्रकार सुखाने नांदतात. बदक आजारी पडत नाही. विष्ठेतून विषाणू पाण्यात जातो आणि थंड पाण्यात तो बराच काळ टिकतो. त्यांतले एच५ आणि एच७ हे प्रकार कोंबड्यांच्या दाटीत शिरले, की पिढ्यांमागून पिढ्या झपाट्याने बदलतात, आणि एखाद्या वळणावर त्यांना साऱ्या शरीरात पसरण्याची किल्ली सापडते. सौम्य विषाणू जहाल होतो तो बहुधा शेडमध्ये, तळ्यावर नव्हे. आजच्या एच५एन१चे मूळ १९९६ साली दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसात सापडले. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या कोंबडीबाजारातून १८ माणसांना लागण होऊन ६ दगावली. पाळीव पक्ष्यांत जहाल झालेला हा विषाणू मग रानपक्ष्यांकडे परत गेला. बोली मराठीत सांगायचे तर बदकाने उसने दिलेले आपण सव्याज परत केले.

म्हणून पक्ष्यांना निर्दोष ठरवणे हाही भाबडेपणाच होईल. पक्षिप्रेमी मंडळींचा कल तिकडे असतो आणि त्यांच्याशी आमचे इथे पटत नाही. २०२० नंतर पसरलेल्या एच५एन१च्या नव्या वंशाने हा प्रश्न बदलून टाकला आहे. २०२२ मध्ये तो दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोहोचला. पेरूत पाणकोळी आणि समुद्रसिंह मोठ्या संख्येने मेले. २०२३-२४च्या हंगामात तो अंटार्क्टिकापर्यंत गेला. तिथे कोंबड्यांची शेडे नाहीत, ट्रक नाहीत. तिथवर त्याला पंखांनीच नेले. पण याच वंशाचे दुसरे उदाहरण २०२४चे, अमेरिकेतील दुभत्या गाईंचे. पक्ष्याकडून विषाणू गाईत एकदा शिरला, आणि मग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तो गुरे वाहून नेणाऱ्या वाहनांतून. दोन्ही खेचरे एकाच गोष्टीत आहेत. फक्त कोणी कुठवर वाहून नेले हे प्रत्येक वेळी नव्याने शोधावे लागते. हे शोधणे कंटाळवाणे असते. आरोप करणे सोपे असते, आणि जो आपल्या भाषेत बोलत नाही, ज्याचे गाव दूर आहे, त्याच्यावर तर फारच सोपे.

या साऱ्यात दुर्लक्षित राहतात ते इथलेच पक्षी. नांगरामागे चालणारा गायबगळा आणि तळ्याकाठचा वंचक हे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचे जुने यजमान; पुण्याच्या संस्थेने त्यांचा बराच अभ्यास केला. बगळ्याला त्याचे काही होत नाही. भाताच्या खाचरात वाढणारे डास तो विषाणू डुकरांत आणि तिथून मुलांपर्यंत नेतात. यांतल्या एका डासाचे शास्त्रीय नाव क्युलेक्स विष्णुई. पालनकर्त्याचे नाव कोणी कोणत्या लहरीत दिले असेल कोण जाणे. बगळ्याला आपण पाहुणा म्हणत नाही, म्हणून त्याचा संशयही येत नाही.

आणि कावळा. अंगणात कावळा ओरडला की पाहुणा येतो, ही समजूत आपल्या ओवीपासून अभंगापर्यंत पसरलेली आहे. पिंडाला कावळा शिवला नाही तर घर अस्वस्थ होते. कोणत्याही पक्ष्याच्या हालचालींकडे मराठी माणसाने इतक्या बारकाईने शतकानुशतके पाहिले नसेल. मारुती चितमपल्लींनी 'पक्षिकोशा'त पक्ष्यांच्या नावांचा आणि लोकधारणांचा जो साठा करून ठेवला, त्यावरून हे लक्षात येते. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला वेस्ट नाईल ताप आला, तेव्हा त्याची पहिली वर्दी मरणाऱ्या कावळ्यांनी दिली होती. माणसांचे डॉक्टर आणि प्राण्यांचे डॉक्टर एकमेकांशी बोलत नव्हते म्हणून ती काही आठवडे कोणाला वाचता आली नाही. आपल्याकडेही २०२१ मध्ये बीड-दापोलीच्या, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरच्या मेलेल्या कावळ्यांनीच खूण दिली. कावळा स्थलांतर करीत नाही. तो उकिरड्यावर, कत्तलखान्यामागे, फेकलेल्या कोंबड्यांवर जगतो. तो मेला तर प्रश्न आकाशाचा कमी आणि उकिरड्याचा जास्त असतो. तरी उदगीरच्या बातम्यांखाली 'परदेशी पक्षी' हा शब्द शोधायला फार वेळ लागत नाही.

त्याच हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. डिसेंबर २०२४च्या अखेरीची ही घटना. भोपाळहून आलेल्या अहवालात पुन्हा एच५एन१. वाघ चंद्रपूर जिल्ह्याकडून आणलेले होते. या वेळी वाघांच्या पिंजऱ्यावरून कोणते पक्षी उडत गेले हे विचारण्याआधी अधिकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली : वाघांना खायला काय घातले जात होते, आणि ते मांस कुठून, कोणत्या गाडीतून आले, याची चौकशी सुरू केली.